सोफा कोणाचा

तो सोफा माझा आहे. हे वाक्य मी या जून-जुलैत इतक्यांदा बोलले की दुपारी डुलकी लागलेला माझा नवरासुद्धा डोळे न उघडता म्हणायचा, "हो गं बाई, तुझाच आहे." वॉर्ड ऑफिसच्या पहिल्या खिडकीत बोलले, दुसऱ्या खिडकीत बोलले, गल्लीचे प्रमुख पाक सुगेंग, म्हणजे सुगेंगकाका, यांच्या ओट्यावर उभी राहून बोलले. शेवटी स्टॅम्प चिकटवलेल्या कागदावर लिहूनही दिलं. एका सोफ्यासाठी एवढं बोलणारी बाई सगळ्या सेमारांगात दुसरी नसेल.

सोफा लाल मखमलीचा, तीन माणसं बसतील असा, हातांवर लाकडी फुलं कोरलेली. मी जामू विकते. हळद-चिंचेचा काढा, तांदूळ-कचोऱ्याचा काढा, बाळंतिणीचा कडू काढा, सगळ्या बाटल्या टोपलीत घालून टोपली पाठीला बांधायची आणि दारोदार फिरायचं. म्हाताऱ्या ओमा लिएन माझ्याकडून एकोणीस वर्षं रोज एक पेला हळद-चिंच घ्यायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या मुलीकडे सुराबायाला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "हा तू घेऊन जा. माझ्या मुलीकडे सगळं पांढरं आहे, तिथे हा शोभणार नाही." माझा नवरा मारवोतो सायकलरिक्षा चालवतो. त्याने तो रिक्षावर आडवा टाकून आणला, मागून अर्धी गल्ली ढकलत होती.

आमच्या गल्लीत समुद्राचं पाणी भरतीला घरात येतं, म्हणून जे काही जमिनीवर ठेवायचं ते विटांवर. सोफाही चार विटांवर चढला. त्यावर बसलं की माझे पाय टेकत नाहीत. गल्लीत कुणाकडे मुलगी बघायला येणार असले, कुणाचा जावई पहिल्यांदा येणार असला, की सोफा त्या घरी जायचा. कुणी विचारायचंही नाही. चार बायका यायच्या, "बुदे, नेतो हां," म्हणायच्या आणि उचलायच्या. बुदे म्हणजे आईची थोरली बहीण. पोरं म्हणायची, मग त्यांच्या आयाही म्हणू लागल्या. आम्हाला मूल नाही, पण मावशी मी अख्ख्या गल्लीची.

तर त्या दिवशी सोफा पार्सिनीकडे गेला, तो असा.

पार्सिनी माझ्या समोर राहते. सहा वर्षांपूर्वी ग्रोबोगान जिल्ह्यातून मुलीला घेऊन आली. नवरा बोर्निओच्या मळ्यात कामाला म्हणून गेला तो गेलाच. सरकारी कागदावर मात्र तो अजून घरात आहे आणि कमावतो आहे. पार्सिनी सरकारी हायस्कुलाच्या फाटकासमोर गाडी लावते. अंड्याची गुंडाळी विकते: उकळत्या तेलात अंड्याची बारीक धार सोडायची, ती फुगली की बांबूच्या काडीवर झपझप गुंडाळायची, वर तिखट लाल सॉस. मधल्या सुट्टीत फाटकाच्या गजांतून एकदम वीस हात बाहेर येतात आणि पार्सिनीची मान वर होत नाही.

तिची मुलगी वेनिंग या फाटकाबाहेरच मोठी झाली. शाळेची घंटा तिला शिपायाच्या आधी कळते. दहावीच्या वर्गाची खिडकी गाडीच्या बरोबर वर. गणिताच्या मास्तरांचा आवाज दांडगा, तो कुंपणाच्या बाहेर यायचा. वेनिंग खाली काड्या सोलता सोलता ऐकायची आणि सॉसच्या खोक्यावर पेन्सिलीने गणितं करायची. गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत गणवेशातली मोठी पोरं अंडं घ्यायला यायची, ती वेनिंगकडून गणित सोडवून घेऊनच जायची. एकदा एकजण म्हणाला, "तू कुठल्या वर्गात आहेस?" ही म्हणाली, "गाडीच्या."

यंदा तिची नववी संपली. दहावीला आमच्याकडे शाळा बदलते. तिला त्याच शाळेत जायचं होतं. दुसऱ्या कुठल्या नाही. "एवढी वर्षं बाहेरून ऐकलंय बुदे," मला म्हणाली, "आता फळ्यावर तो माणूस काय लिहितो ते बघायचंय."

अंतराच्या कोट्यात ती बसेना. आमची गल्ली शाळेपासून लांब, आणि शाळेच्या आसपासच्या घरांत अचानक दोन-दोन डझन भाचे-पुतणे राहायला आलेले. कागदावर हो, प्रत्यक्षात कशाला येतील! दुसरा कोटा बक्षिसांच्या प्रमाणपत्रांचा. सॉसच्या खोक्यावर केलेल्या गणिताला प्रमाणपत्र कोण देणार? राहिला गरिबांचा कोटा. त्यासाठी नाव गरिबांच्या सरकारी यादीत हवं. पार्सिनी परगावची, तिचं नाव त्या यादीत नव्हतं. फॉर्म मी भरून दिला. शाळेत मी तिसरीपर्यंतच गेले, पण पुड्यांच्या कागदांवरचं वाचत वाचत वाचायला शिकले, त्यामुळे गल्लीचे फॉर्म माझ्याकडेच येतात. त्या फॉर्ममध्ये घर बघायला कुणी येईल असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं, मी बघितलं होतं.

एका संध्याकाळी पाक सुगेंग यांचा गल्लीच्या ग्रुपवर निरोप आला: उद्या दहा वाजता वेनिंगच्या शाळेच्या कामासाठी माणूस घरी येणार आहे.

आम्हाला वाटलं, शाळेचा माणूस. मुलगी कशा घरातली आहे, हे बघायला मास्तर येणार.

पार्सिनीचं तोंड उतरलं. "बुदे, घरात बसायला एक चटई आहे. तीही कोपऱ्यात उसवलीय."

"मग मी कशाला आहे?" मी म्हटलं.

सकाळी सात वाजता सोफा गेला, विटांसकट. पाक सुगेंगच्या बायकोने उभा पंखा दिला. टोकाच्या घरातून काचेचं कपाट आलं, आतल्या बाहुल्यांसह. गल्लीच्या समाईक पेटीतून, लग्नकार्याला काढतो त्या, झाकणवाल्या कपबशा आल्या. प्रत्येकीच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका, म्हणजे चुकून कुणाकडे राहायला नको. मी केळ्याची भजी तळली. भिंतीवर ओल आलेली होती, तिथे कुणीतरी मक्केचं चित्र असलेली चादर लावली. दहाला पाच कमी असताना आम्ही दारात उभ्या राहून बघितलं तर मलाच क्षणभर वाटलं, कुठल्या सुखी माणसाचं घर हे!

जो आला तो मास्तर नव्हता. वीस-बावीस वर्षांचा, सरकारी जाकीट घातलेला, हातात पाटीएवढा टॅब. नाव गालिह. आधी भजी खाल्ली. तीन. "छान आहेत हां बू," म्हणाला, बू म्हणजे काकू. मग उभा राहिला आणि फोटो काढायला लागला. सोफा. पंखा. कपाट. कपबशा. पार्सिनीने तर तो फोटो काढतोय म्हणून सोफ्याची उशी थोपटून सरळ केली. त्या फोटोत तिचा हात आलाय. पुढे मी तो हात वॉर्ड ऑफिसात बघितला, उशीवर ठेवलेला, मालकिणीसारखा.

तो यादीचा माणूस होता, हे आम्हाला तो गेल्यावर पाक सुगेंगकडून कळलं.

"अहो, मग तसं लिहायचं नाही का?" मी ओरडले.

"मला काय माहीत तुम्ही लग्नाचा मांडव घालणार आहात!"

खरं सांगू का? यादीचा माणूस येतोय हे कळलं असतं, तरी सोफा मी नेलाच असता. दारात आलेल्याला फाटक्या चटईवर बसवून 'बघा बाबा आमची दशा' म्हणायचं, हे पार्सिनीला जमलं नसतं आणि मलाही नाही. आमच्या गल्लीत कुणालाच नाही. गरिबी आम्हाला सवयीची आहे. ती मांडून दाखवायची सवय नाही.

आठ दिवसांनी वेनिंगने मोबाइलवर निकाल बघितला. नावापुढे लिहिलं होतं: सक्षम कुटुंब. गरिबांच्या कोट्यासाठी अपात्र. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"बुदे, तुमच्या सोफ्याने मला श्रीमंत केलं," ती म्हणाली. "आता मला एक ड्रायव्हर ठेवा."

तक्रार करायला सात दिवस होते. त्यातले दोन शनिवार-रविवार.

सोमवारी मी टोपली घरी ठेवली आणि पार्सिनीला घेऊन वॉर्ड ऑफिसला गेले. पहिल्या खिडकीतल्या माणसाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या खिडकीकडे बोट केलं. दुसऱ्या खिडकीत बू हार्तिनी बसतात. माझ्याच वयाच्या, डोक्याला फिकट हिरवा रुमाल, टेबलावर कुंडीत प्लास्टिकची फुलं. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

"हा सोफा दिसतोय ना?"

"दिसतोय. माझा आहे."

"फोटो यांच्या घरातला आहे."

"घर तिचं, सोफा माझा."

"मग तो यांच्याकडे काय करत होता?"

"पाहुणा आला होता ना. तुमचाच."

बू हार्तिनींनी चष्मा काढला. "पाहुणा येणार म्हणून तुम्ही सोफा उचलून नेता?"

"तुमच्याकडे कुणी येणार असलं तर तुम्ही काय करता, बू?"

त्या हसल्या. खरंच हसल्या. "मी शेजारणीकडची काचेची भांडी आणते," म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आपण खिडकीत बसलोय, आणि त्यांनी चष्मा परत चढवला. "पण इथे 'उसना' असा रकाना नाही. 'आहे' आणि 'नाही' एवढंच आहे."

"मग 'नाही' लिहा."

"फोटोत आहे ना."

"पंखा पाक सुगेंगच्या बायकोचा. कपाट टोकाच्या घरातलं. कपांच्या बुडाला लाल ठिपका आहे, ते सगळ्या गल्लीचे."

"कपाचं बूड फोटोत येत नाही, बू."

माझ्या मागे रांग होती. एकजण म्हणाला, "ओ जामूवाल्या, आम्हालाही संध्याकाळी घरी जायचंय." मी वळून म्हटलं, "जा की. तुमच्याकडे सोफा नसेल तर काळजी नाही!" रांग हसली. पार्सिनी मात्र जमिनीकडे बघत उभी. हातात काही नसतानाही तिची बोटं काडीवर अंडं गुंडाळल्यासारखी फिरत होती.

शेवटी बू हार्तिनींनी एक कोरा नमुना काढून दिला. पंखा आणि कपाट त्या सोडून द्यायला तयार होत्या, त्याला गुण कमी. सोफ्याला गुण फार, आणि जेवढे गुण जास्त तेवढं घर श्रीमंत. सोफ्याच्या मालकाने स्टॅम्प लावून लिहून द्यायचं की वस्तू माझी आहे, त्यावर गल्लीप्रमुखांची सही घ्यायची, मग घर पुन्हा तपासतील.

"एवढंच ना!" मी पेन मागितलं.

"तुमचा ओळखपत्राचा नंबर सांगा."

मी सांगितला. त्यांनी टाइप केला आणि थांबल्या.

"बू, तुम्ही स्वतः यादीत आहात."

"हो. आठ वर्षं. भिंतीवर स्टिकर आहे आमच्या."

"तुमच्या नोंदीत लिहिलंय, बसायला: चटई."

"तेव्हा चटईच होती. सोफा नंतर आला."

"मग तुम्ही हे लिहून दिलं की तुमची नोंद आपोआप उघडते. सोफा तुमच्याकडे चढतो. तुमचे गुण..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. चांगली बाई होती, म्हणूनच जास्त राग आला. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

"फुकट मिळालेला सोफा आहे. त्याच्या पायांना समुद्राचा डाग आहे. चला बघायला, तो डाग माझ्या भिंतीवरच्या डागाएवढ्याच उंचीवर आहे."

"डागाला रकाना नाही, बू."

"मग तो कुणाचाच नाही असं लिहा."

"कुणाचा तरी असायला हवा. तो हवेत कसा ठेवू?"

पार्सिनीला यातलं काही नीट कळलं नाही. मी कळू दिलं नाही. "गल्लीप्रमुखांची सही राहिलीय," एवढंच सांगून कागद घडी घालून कमरेला खोवला.

यादी म्हणजे आमच्यासाठी महिन्याचा तांदूळ आणि दवाखान्याचं कार्ड. तांदळाचं काही नाही. पण मारवोतोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याने आता फक्त उजेड-अंधार कळतो. रिक्षा तो निम्मी आठवणीवर चालवतो. बाजाराच्या वळणावर शेंगदाणेवाल्याचा वास आला की डावीकडे. ऑगस्टमध्ये त्याच कार्डावर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. सहा महिने वाट बघून मिळालेली तारीख.

मी आधी पाक सुगेंगकडे गेले. ते पगारदार, बंदरात कारकून. यादीत नाहीत, असायची गरजही नाही.

"पाक, सोफा तुमचा आहे असं लिहून द्या."

"माझा? आणि माझा सोफा पार्सिनीच्या घरी काय करत होता? उद्या माझी बायको विचारेल ते?"

"तिला माहीत आहे. तिनेच पंखा दिला होता."

"बुदे, मी गल्लीप्रमुख. मीच पाहणीच्या दिवशी घर सजवलं असं दिसेल. माझं पद जाईल."

"पद जाईल! महिन्याला पाणी किती चढलं ते वहीत लिहायचं, हेच ना तुमचं पद?"

"तोंड सांभाळ."

"सोफा सांभाळा, मी तोंड सांभाळते."

त्यांनी सही केली, पण साक्षीदार म्हणून. मालकाची जागा रिकामीच राहिली.

घरी आले तर मारवोतो त्याच सोफ्यावर आडवा पडला होता. सोफा परत आणल्यापासून माझ्या मनात दहादा आलं होतं, विळ्याने फाडून टाकावा. मी मारवोतोला सगळं सांगितलं. त्याने छताकडे, म्हणजे छत असेल त्या दिशेला, तोंड केलं.

"फाटकाबाहेर बसून गणितं करायची तीच ना ती?" त्याने विचारलं, जणू गल्लीत दुसरी वेनिंग असल्यासारखं.

"तीच."

"मला एका डोळ्याने काय बघायचं राहिलंय? तुला तीस वर्षं बघितलं. पुरेसं झालं."

"आगाऊपणा करू नका."

"डावा अजून चालतो. शेंगदाणेवालाही कुठे जात नाहीये. सही कर आणि चहा टाक."

मी आधी चहा टाकला. मग सही केली. स्टॅम्प जिभेला लावला तेव्हा बाळंतिणीच्या काढ्यापेक्षा कडू लागला.

शुक्रवार हा शेवटचा दिवस. चारला पोर्टल बंद. दुपारी एक वाजता गालिह परत येणार असा निरोप आला. या वेळी कोण येतोय आणि कशाला, हे निरोपात अगदी ठळक लिहिलं होतं. पाक सुगेंगही शिकले.

पार्सिनीचं घर आम्ही रिकामं केलं. म्हणजे होतं तसं ठेवलं. चटई, चूल, पत्र्याची पेटी, दोरीवर कपडे, भिंतीवरची ओल उघडी. मी पार्सिनीला दम भरला: "काही द्यायचं नाही. भजी नाही, बिस्कीट नाही. पाणीसुद्धा नाही."

"पाणीसुद्धा?"

"पाणी कशात देशील? फोटोत येईल."

गालिह आला तो घामाने निथळत. त्याची मोटरसायकल बंद पडली होती आणि तो तीन गल्ल्या ती ढकलत आला होता. चटईवर बसला. कुणाच्या घरात माणूस येऊन बसलाय आणि त्याच्यासमोर काही नाही, असं मी आयुष्यात बघितलं नव्हतं. पार्सिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, चेहरा असा की घरात कुणी गेलंय. गालिहने दोनदा घसा खाकरला. टॅब उघडला. प्रश्न विचारले. जमीन कसली, पाणी कुठून, बसायला काय. प्रत्येक उत्तराआधी पार्सिनी माझ्याकडे बघायची.

मग मागून वेनिंग आली. बशी, बशीवर झाकणवाला कप, गल्लीच्या पेटीतला एक मागे राहिलेला. कपात साधं पाणी. गुडघे टेकून, मान खाली घालून तिने तो त्याच्यासमोर ठेवला, लहानपणापासून शिकवतात तसा, उजव्या हाताने. मी तिला डोळ्यांनीच खाल्लं. ती माझ्याकडे बघेचना.

"घ्या मास," ती म्हणाली. थोरल्या भावाला म्हणतात तसं. "ऊन फार आहे."

गालिह कपाकडे बघत राहिला. टॅब त्याने वर केला होता, चटईचा फोटो काढायला. काचेवर चटई, चटईच्या मधोमध सोनेरी कडेचा कप. त्याने टॅब खाली केला. कप बशीसकट उचलला, मागे भिंतीशी नेऊन ठेवला. मग फोटो काढला. दोन काढले. मग मागे सरकून कप घेतला आणि सगळं पाणी एका दमात प्यायला.

"गेल्या वेळची भजी," तो जाताना मला म्हणाला, "ती तुम्ही केली होती ना? मी घरी गेल्यावर आईला सांगितलं."

"आणि फोटो?"

"फोटोसाठी मला घरामागे पैसे मिळतात, बू. भज्यांसाठी रकाना नव्हता."

त्याचा रागही करता येईना. त्या ऑफिसात धड राग करावा असा एक माणूस मला मिळाला नाही.

वेनिंगचं नाव लागलं. गरिबांच्या कोट्यात, खालून दुसरं. पार्सिनीने त्या दिवशी फाटकासमोर फुकट अंडी वाटली आणि दुसऱ्या दिवशी उधारीवर अंडी आणली. शाळा सुरू झाली तेव्हा वेनिंग त्या खिडकीखालून आत गेली, मागे वळून बघितलं नाही. मधल्या सुट्टीत मात्र गजांतून एक हात बाहेर आला, आणि पार्सिनीने मान वर न करताच ओळखला.

त्याच आठवड्यात वॉर्ड ऑफिसचा शिपाई आमच्याकडे आला आणि भिंतीवरचा स्टिकर खरवडू लागला. 'गरीब कुटुंब, सरकारी मदत घेणारे.' आठ वर्षं मला त्याची लाज वाटायची. मी त्यावर कॅलेंडर टांगलं होतं. शिपायाने कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. स्टिकर नीट निघाला नाही, 'गरीब' एवढं राहिलं. "जाऊ दे, राहू दे तेवढं," मी म्हटलं. तो म्हणाला, "नियम आहे," आणि पाणी मागून घेऊन घासलं.

खरवडण्याचा आवाज ऐकून पार्सिनी धावत आली. तिला तेव्हा कळलं.

"बुदे, मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"म्हणून नाही विचारलं."

ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. रोज सकाळी मात्र मारवोतोसाठी दोन काड्या अंडं दारात ठेवून जायची, टोपलीखाली, मांजराने खाऊ नये म्हणून.

दवाखान्याने तारीख रद्द केली. यादीत परत यायचं तर मला पुन्हा अर्ज करायचा होता, तो मी केला. आता माझं घर बघायला माणूस येणार, कधी ते सांगत नाहीत. आणि माझ्या घरात सोफा. विकायला काढला तर पायांचा डाग बघून भंगारवाला म्हणाला, "उचलून नेतो, पण तू मला पैसे दे." फाडून टाकावा म्हटलं तर ओमा लिएन आठवतात. गल्लीत ठेवायला कुणी तयार नाही. ज्या बायका 'बुदे, नेतो हां' म्हणून उचलायच्या, त्या आता तो बघून वाट बदलतात. कुणी यादीत आहे, कुणाला यादीत यायचंय. गेल्या महिन्यात टोकाच्या घरी मुलगी बघायला आले तर त्यांनी पाहुण्यांना ओट्यावर उभं केलं. लग्न मोडलं नाही, पण मोडायलाच हवं होतं.

शेवटी मारवोतोने सोफा परत रिक्षावर चढवला आणि शाळेच्या फाटकासमोर, पार्सिनीच्या गाडीशेजारी, जंगली बदामाच्या झाडाखाली नेऊन ठेवला. विटाही नेल्या, सवयीने. पोरं बसायची, सॉस सांडायची. रिक्षाचं भाडं नसलं की मारवोतो त्यावर पाय लांब करून पडायचा आणि वरच्या खिडकीतून येणारं गणित ऐकायचा. "त्या मास्तरचं चुकतंय," मला म्हणायचा, "वेनिंगने परवा दुरुस्त केलं."

काल मी टोपली घेऊन तिथे पोचले तेव्हाच अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. पार्सिनीने चुलीचा गॅस बंद केला आणि गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत पळवली. तो सराव तिला आहे. सोफा पळवता येत नाही. चार खाकी माणसं उतरली.

"हा सोफा कोणाचा?"

कोपऱ्यावरून पार्सिनी माझ्याकडे बघत होती. मधली सुट्टी होती. फाटकाच्या गजांमागे गणवेशातली वेनिंग, हातात काडी, ती पण बघत होती. एवढे महिने जिथे तिथे ओरडून सांगितलेलं वाक्य जिभेवर आलं. ऑगस्ट संपत आलाय, माझ्या घरी माणूस अजून यायचाय.

"काय माहीत," मी म्हटलं. "माझा नाही."

"तुमचा नाही. मग कोणाचा?"

"कोणाचाच नाही. इथेच होता."

त्यांनी सोफ्याची एक बाजू उचलली. दुसऱ्या बाजूला मारवोतो झोपला होता, तोंडावर टोपी ठेवून.

"आणि हे काका?"

"ते माझे," मी म्हटलं. "थांबा, त्यांना उठवते."